बुलेट ३५० कास्ट आयर्न : बोअर ०.५० मारायचा की १.००? सीसी आणि ताकद नेमकी किती वाढते?

सातारा_कास्टआयर्न

गाडी रॉयल एनफिल्ड बुलेट ३५०, १९९७ मॉडेल, जुनं कास्ट आयर्न इंजिन. ब्लॉक अजून स्टँडर्ड बोअरवर आहे, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास कंपनीच्याच मापाचा. निळा धूर, ब्रीदरच्या नळीतून तेल, किकला कॉम्प्रेशन लागत नाही. हेड आणि ब्लॉक उतरवला आहे, वरच्या कडेला नखाला लागेल इतकी पायरी पडली आहे. बोअर करावा लागणार हे नक्की.

प्रश्न असे :

१. बोअर ०.२५, ०.५० किंवा १.०० मिमीने मोठा केला तर सीसी किती वाढतो? गॅरेजमध्ये सांगतात की "एकदाच १.०० मारा, गाडी पळेल". ताकदीत खरंच फरक पडतो का?

२. बोअर वाढवल्यावर कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बदलावा लागतो का?

३. लेथवाल्याला नेमकं काय सांगायचं? पिस्टन आधी घ्यायचा की बोअर आधी?

---

व्हर्निअर_पुणे

आधी सीसीचा हिशोब. सीसी म्हणजे बोअरचा वर्ग × ०.७८५४ × स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास), मापं सेंटिमीटरमध्ये धरून. तुमच्या इंजिनचा बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी. स्ट्रोक क्रँकवर ठरतो, त्याला आपण हात लावत नाही.

स्टँडर्ड ७०.०० : ३४६.४ सीसी
०.२५ : ३४८.८
०.५० : ३५१.३
१.०० : ३५६.३
१.५० : ३६१.४

बोअरचा वर्ग होतो, म्हणून बोअर एक टक्का वाढला की सीसी साधारण दोन टक्के वाढतो. पण ७० मिमीवर १ मिमी म्हणजे दीड टक्क्याच्याही आतच. त्यामुळे १.०० मारूनही वाढ १० सीसी, म्हणजे २.९ टक्के. ०.५० ला दीड टक्क्याला थोडी कमी.

आता ताकद. हे इंजिन नवं असताना ५,६२५ आरपीएमला १८ हॉर्सपॉवर द्यायचं. सीसीच्या प्रमाणात ताकद वाढली असं धरलं तरी ०.५० ला पाव हॉर्सपॉवर मिळते आणि १.०० ला अर्धी. तीही क्रँकवर. चाकापर्यंत येईतो त्यातली थोडी चेन, गिअरबॉक्स खातात.

आणि प्रमाणात वाढते हेसुद्धा फक्त तेव्हाच खरं, जेव्हा वाढलेल्या सिलिंडरला वाढलेली हवा मिळते. ताकद हवेवर आहे. इंजिन एका मिनिटात जितकी हवा ओढेल तितकंच पेट्रोल जळणार. तुमचा कार्ब्युरेटर तोच, व्हॉल्व्ह तेच, पोर्ट तेच, कॅम तोच. वरच्या आरपीएमला अडचण तिथेच असते, सिलिंडरच्या आकारात नाही. मग होतं काय, तर मधल्या आरपीएमला ओढ सीसीइतकी वाढते, कारण तिथे हेडमधून पुरेशी हवा येते. टोकाची ताकद मात्र जवळपास तेवढीच राहते, फक्त थोड्या कमी आरपीएमला येते. १.०० बोअरला ५,६२५ च्या जागी साधारण ५,४७० ला.

फॅक्टरीने केलेलं हेच काम बघायचं असेल तर एनफिल्डचंच उदाहरण आहे. ५०० सीसीचं युनिट कन्स्ट्रक्शन इंजिन (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये) ८४ × ९०, ४९९ सीसी, २७.२ हॉर्सपॉवर, ४१.३ न्यूटन-मीटर. २०१३ मध्ये कॉन्टिनेंटल जीटी आली. स्ट्रोक तोच ९०, बोअर ८७, म्हणजे ५३५ सीसी. आकडे २९.१ हॉर्सपॉवर आणि ४४ न्यूटन-मीटर. सीसी ७.३ टक्के वाढला, ताकद ७, टॉर्क साडेसहा. ३ मिमी बोअर वाढवून, इंधनाचं मॅपिंग नव्याने बसवूनही वाढ सीसीच्या प्रमाणाबाहेर गेली नाही. अर्ध्या मिमीत गाडी "पळेल" म्हणणाऱ्याला हे आकडे दाखवा.

मग बोअर करून आलेली गाडी लोकांना एवढी ताजी का वाटते? कारण झिजलेल्या सिलिंडरमध्ये जळालेला गॅस रिंगांच्या बाजूने खाली क्रँककेसमध्ये निसटत होता. (तुमच्या ब्रीदरमधून येणारं तेल त्याचंच लक्षण आहे.) तो थांबला की हरवलेली ताकद परत येते. ही परत आलेली ताकद पाव हॉर्सपॉवरपेक्षा कितीतरी जास्त असते, आणि ०.५० मध्येही तितकीच मिळते जितकी १.०० मध्ये.

कॉम्प्रेशनही किंचित वाढतं. रेशो ७.२५ धरला तर हेडमधली मोकळी जागा ५५.४ सीसी. ती तशीच राहिली तर ०.५० ला रेशो ७.३४, १.०० ला ७.४३. आजच्या पेट्रोलला काही त्रास नाही, टायमिंग बदलायची गरज नाही.

जेटला हात लावू नका. कार्ब्युरेटर वाहत्या हवेच्या वेगावर पेट्रोल ओढतो. हवा दोन टक्के वाढली तर पेट्रोलही जवळपास तितकंच वाढतं. बोअरनंतर प्लग पांढरा दिसला (म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी) तर आधी मॅनिफोल्डच्या, म्हणजे कार्ब्युरेटर आणि हेडमधल्या नळीच्या, जोडातून हवा आत येते का ते बघा.

माझं मत : स्वच्छ होईल तो सगळ्यात लहान ओव्हरसाइज (स्टँडर्डपेक्षा मोठं ठरलेलं माप) घ्या. प्रत्येक ओव्हरसाइज म्हणजे ब्लॉकचं उरलेलं एक आयुष्य, आणि १.०० वर उडी मारली की मधली सगळी एका फटक्यात गेली.

---

सातारा_कास्टआयर्न

व्हर्निअर साहेब, आकडे मिळाले, धन्यवाद. आज ब्लॉक डायल बोअर गेजने मोजून घेतला. गाडीच्या पुढे-मागे दिशेने आणि आडव्या दिशेने, असे :

वर, रिंग जिथून परत फिरते तिथे : पुढे-मागे ७०.१९, आडवा ७०.११
मध्ये : ७०.१२ आणि ७०.०८
खाली : ७०.०३ आणि ७०.०२

सगळ्यात जास्त झीज ०.१९ आहे. मग ०.२५ मध्ये स्वच्छ व्हायला हवा ना? लेथवाला म्हणतो ०.५० च लागेल. तो उगाच वाढवून सांगतोय का?

---

उद्यमनगर_बोअरिंग

लेथवाला बरोबर सांगतोय. त्याचं कारण नीट समजून घ्या, कारण या जागी बरेच ब्लॉक बिघडतात.

०.१९ ही व्यासातली झीज आहे, आणि ती दोन्ही बाजूंना सारखी वाटलेली नसते. पॉवर स्ट्रोकला क्रँक पुढे झुकते, कनेक्टिंग रॉड तिरका होतो आणि पिस्टनला मागच्या भिंतीवर दाबतो. म्हणून बुलेटची मागची भिंत जास्त खाल्ली जाते. त्यात वरच्या टोकाला रिंग क्षणभर थांबते, तिथे तेलाचा थर टिकत नाही, आणि गॅसचा दाब रिंगेला मागून सगळ्यात जास्त ढकलतो तोही तिथेच. त्यामुळे पायरी वर पडते.

आता समजा ०.१९ मधली ०.१५ झीज मागच्या बाजूला आहे आणि ०.०४ पुढच्या. बोअरचा मूळ मध्य धरला तर मागची भिंत मध्यापासून ३५.१५ वर गेलेली आहे. ०.२५ च्या बोअरची त्रिज्या ३५.१२५. म्हणजे मागे काळा पट्टा तसाच राहणार, तिथे टूल लागणारच नाही. ०.५० ची त्रिज्या ३५.२५, तिथे सगळीकडे स्वच्छ धातू मिळतो.

काही जण ०.२५ मध्येच बसवायला झिजलेल्या भोकाचा मध्य धरून बोअर मारतात. भोक स्वच्छ दिसतं, पण सिलिंडरचा मध्य मागे सरकतो किंवा तिरका होतो. पिस्टन एका अंगाला घासतो आणि काही हजार किलोमीटरमध्ये पुन्हा धूर. म्हणून लेथवाल्याला पहिलं वाक्य हे सांगा : मध्य खालच्या न झिजलेल्या भागावरून घ्या, आणि ब्लॉक खालच्या बैठकीवर बसवा. वरच्या तोंडावर उलटा ठेवून नाही. क्रँककेसला चिकटतो तो पृष्ठभाग खालचा आहे, बोअर त्याला काटकोनात हवा. बैठकीवर जुन्या गॅस्केटचा एखादा कण राहिला तरी बोअर तिरका जातो. आधी ती खरवडून साफ करा.

पिस्टन आधी, बोअर नंतर. कायम. पिस्टनचा डबा लेथवाल्याच्या हातात द्यायचा आणि बोअर त्या पिस्टनच्या मापाने करायचा. डब्यावर ०.५० लिहिलंय म्हणून ७०.५० मारून ठेवायचं नाही.

पिस्टन मायक्रोमीटरने स्कर्टच्या (रिंगांखालच्या भिंतीच्या) खालच्या भागात, गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात मोजायचा. पिस्टन गोल नसतो आणि सरळही नसतो. पिनच्या दिशेला तो कमी असतो आणि डोक्याकडे निमुळता होत जातो, कारण डोकं जास्त तापतं आणि जास्त फुगतं. डोक्याजवळ मोजून गॅप (पिस्टन आणि भिंतीमधली मोकळीक) धरला तर पिस्टन सीझ झालाच म्हणून समजा. व्हर्निअर कॅलिपर या मापाला चालत नाही, त्याच्यावर मिमीचा शंभरावा भाग धरवत नाही.

गॅप किती ठेवायचा? पिस्टनसोबत कागद आला असेल तर त्यावरचा आकडा शेवटचा. नसेल तर जुना ठोकताळा इंचाला एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग). ७० मिमी म्हणजे पावणेतीन इंच, म्हणजे ०.०७ मिमी. हवेवर थंड होणाऱ्या लोखंडी ब्लॉकला त्यात थोडी भर घालून ०.०८ ते ०.१० धरा. उदाहरणार्थ पिस्टन ७०.४१ भरला आणि ०.०९ ठेवायचा ठरला, तर होनिंगनंतरचं (दगडाने शेवटचं घासून झाल्यावरचं) शेवटचं माप ७०.५०.

हा गॅप कुठे जातो ते पाहा. अॅल्युमिनिअम पिस्टन आणि लोखंडी ब्लॉक दोघंही १०० अंशांनी तापले, तर ७० मिमीचा पिस्टन ०.१४ मिमी फुगतो आणि ब्लॉकचं भोक ०.०७७. म्हणजे ०.०६ गॅप तिथेच संपला. त्यात पिस्टन ब्लॉकपेक्षा नेहमीच जास्त तापलेला. ०.०५ ठेवून "घट्ट बसवून दिलाय, टिकेल" म्हणणाऱ्याने तुमच्या हातात पहिल्याच चढाला जाम होणारं इंजिन दिलं आहे. उलट ०.१५ ठेवला तर थंड असताना पिस्टन खडखडतो, रिंगा डोलतात, इंजिन तेल पितं.

बोअरिंग टूलने शेवटच्या मापापर्यंत जायचं नाही. ०.०५ ते ०.०६ होनिंगसाठी सोडायचं. टूल धातू ओरबाडतं, वरचा थर तुटलेला असतो. तो होनिंगच्या दगडाने काढावा लागतो, नाहीतर त्यावर रिंगा झटक्यात झिजतात. साध्या कास्ट आयर्न रिंगांना २२० ते २८० ग्रिटचा दगड ठीक आहे. दगड वर-खाली अशा वेगाने न्यायचा की रेघा एकमेकींना साधारण ४५ अंशांत छेदतील. या रेघांत तेल टिकतं. आरशासारखा गुळगुळीत बोअर बघून खूश होऊ नका, त्यात नव्या रिंगा बसत नाहीत आणि धूर चालूच राहतो. ड्रिलला लावायचे तीन बोटांचे स्प्रिंगवाले होन फक्त चकाकी मोडायला आहेत. ते भोकाच्या आकारामागे जातात, अंडाकार भोक गोल करत नाहीत.

होनिंग करताना ब्लॉक तापतो. ३० अंशांनी तापलेला ब्लॉक ०.०२ मिमी मोठा भरतो. गरम असताना ७०.५० दिसला म्हणजे थंड झाल्यावर ७०.४८, आणि तुमच्या ०.०९ मधला पाव गॅप गेला. म्हणून शेवटचे दोन-तीन हात मारण्याआधी ब्लॉक पूर्ण गार होऊ द्यायला सांगा. पिस्टनही त्याच खोलीत ठेवलेला हवा.

ब्लॉक हातात घेताना स्वतः मोजून घ्या. तीन उंचींवर, दोन दिशांनी, सहाही आकडे एकमेकांच्या ०.०१ च्या आत. खालच्या तोंडाला चॅम्फर (धार मोडणारा उतार) दिला आहे का ते बोट फिरवून बघा. धार तशीच असेल तर रिंगा घालताना तुटतात.

---

टू_स्ट्रोक_कोथरूड

ज्यांच्याकडे यामाहा आरएक्स १०० (टू-स्ट्रोक) आहे त्यांच्यासाठी एवढंच जोडतो. ५० × ५०, म्हणजे ९८ सीसी. ०.५० ला १०० आणि १.०० ला १०२. टक्केवारी बुलेटपेक्षा जास्त दिसते कारण बोअर लहान आहे, पण टू-स्ट्रोकमध्ये ताकद पोर्टच्या उंचीवर आणि सायलेन्सरच्या आकारावर असते. बोअरने पोर्टची उंची बदलत नाही.

काळजी एकाच गोष्टीची : बोअर मारल्यावर सगळ्या पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या) कडा धारदार होतात. प्रत्येक खिडकीच्या वरच्या-खालच्या कडेला बारीक फाइलने आणि मग पॉलिश पेपरने चॅम्फर द्यायचा, एक्झॉस्टला सगळ्यात नीट. नाहीतर रिंग खिडकीत फुगते, कडेला अडकते आणि तुटलेला तुकडा हेड आणि पिस्टन दोन्ही फोडतो. रिंगांची तोंडं पिस्टनवरच्या खिळ्यांवर बसलेली हवीत. ब्लॉक चढवताना तो गोल फिरवायचा नाही, फिरवला की रिंगेचं टोक खिडकीत जातं.

---

सातारा_कास्टआयर्न

०.५० पक्कं. उद्यमनगरवाले दादा, इतकं सविस्तर कुणी सांगत नाही, आभार.

अजून एक. इथल्या एका मित्राचं म्हणणं आहे की बोअर करायचाच आहे तर ५०० चा ८४ चा पिस्टन टाक, स्ट्रोक दोन्हींचा ९० च आहे. ब्लॉक ८४ पर्यंत मारता येईल का? आणि पेपरवर काही अडचण येते का?

---

व्हर्निअर_पुणे

स्ट्रोक सारखा आहे हे खरं. ८४ × ९० म्हणजे ४९८.८ सीसी, ४४ टक्के वाढ. कागदावर मोह होण्यासारखं आहे, पण तुमच्या ब्लॉकमध्ये होणार नाही. भिंतीतून प्रत्येक बाजूला ७ मिमी जायला हवेत. ब्लॉकचा जो गळा क्रँककेसच्या तोंडात उतरतो, त्याची भिंत तेवढी जाडच नसते. टूल खाली पोचेपर्यंत गळा सुटून येईल. ५०० करायचा म्हणजे ५०० चाच ब्लॉक, आणि तो बसण्यासाठी क्रँककेसचं तोंड मोठं करायचं. त्यासाठी इंजिन पूर्ण खोलून दोन्ही केस जोडून मशीनवर लावाव्या लागतात.

समजा तेही केलं आणि वर ३५० चंच हेड ठेवलं, तर काय होतं ते हिशोबाने बघा. मोकळी जागा ५५.४ सीसी तशीच, सिलिंडर ४९८.८. रेशो थेट १० वर. लोखंडी ब्लॉक, साधं पेट्रोल, तापलेलं इंजिन आणि रेशो १० म्हणजे चढाला ठोका येणार आणि पिस्टनच्या डोक्याला भोक पडणार. शिवाय हवा तेवढीच येणार असेल तर टोकाची ताकद तीच १८, फक्त ३,९०० आरपीएमच्या आसपास. तिथून पुढे इंजिन दम सोडतं. म्हणून ५०० चं हेड, मोठे व्हॉल्व्ह, मोठा कार्ब्युरेटर, सगळं ओघाने आलं.

आणि भार. दाब तोच धरला तरी तो पिस्टनच्या क्षेत्रफळावर पडतो. ४० बारला ७० च्या पिस्टनवर साधारण दीड टन जोर येतो, ८४ च्या पिस्टनवर सव्वादोन टन. तो सगळा बिग एंडवर (रॉडच्या खालच्या टोकावर), मेन बेअरिंगवर आणि पुढे क्लचवर. पिस्टन जड झाल्यामुळे क्रँकचं बॅलन्सही बिघडतं आणि गाडी एका ठरावीक वेगाला हात बधिर करते. ०.५० मध्ये यातलं काहीच होत नाही, पिस्टनच्या वजनात पडणारा फरक धरण्यासारखा नसतो.

पेपरचं : मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदी कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळ्या होतील असा बदल करता येत नाही. ३५० चं ५०० करणं सरळ त्यात येतं. थर्ड पार्टी विम्याचेही टप्पे आहेत, १५० ते ३५० एक आणि ३५० च्या पुढे दुसरा. अपघात झाला आणि इंजिन आरसीशी जुळलं नाही तर दाव्याला अडचण येते. झीज काढण्यासाठी केलेला ठरल्या ओव्हरसाइजचा बोअर ही दुरुस्ती आहे. ३४६ चा ३५१ झाला म्हणून कुणी आरटीओत जात नाही आणि जायची गरजही पडत नाही.

---

मळा_इंजिन_बारामती

विषय निघालाच आहे तर डिझेलचं वेगळं आहे हेही नोंदवतो, कारण मळ्यातल्या इंजिनालाही लोक हाच प्रश्न विचारतात. किर्लोस्कर एव्ही १ घ्या : ८० × ११०, ५५३ सीसी, १,५०० आरपीएमला ५ हॉर्सपॉवर. डिझेलमध्ये हवा अडवायला थ्रॉटल नाही. ताकद पंप किती डिझेल सोडतो त्यावर, आणि ते ठरवतो गव्हर्नर (आरपीएम कायम राखणारी यंत्रणा). बोअर वाढला आणि पंपाचं सेटिंग तेच राहिलं तर ताकद तीच. तिथे बोअर मारत बसण्यापेक्षा नवा स्टँडर्ड लायनर (सिलिंडरची बदलता येणारी बाही), पिस्टन आणि रिंगा असा पूर्ण सेट टाकतात, तेच बरं. पाइपलाइन लांब झाली म्हणून इंजिन दमत असेल तर त्यावर बोअर हा उपाय नाही.

---

उद्यमनगर_बोअरिंग

८४ च्या बाबतीत व्हर्निअर साहेबांशी सहमत. आता ब्लॉक घरी आल्यावरचं सांगतो, कारण चांगला बोअर बसवताना वाया जातो.

धुणं. होनिंगच्या दगडाची भुकटी रेघांत रुतून बसते. पेट्रोल किंवा रॉकेलने तेल निघतं, भुकटी तशीच राहते. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ताठ ब्रश घ्या आणि घासा. पुसून कोरडा करा, मग पांढऱ्या सुती फडक्याला थोडं इंजिन ऑइल लावून आत फिरवा. फडकं राखाडी झालं की पुन्हा साबण. पांढरं निघेपर्यंत. त्यानंतर लगेच तेलाचा हात द्या, लोखंडी बोअरला पावसाळी हवेत अर्ध्या तासात तांबूस गंज धरतो. हे काम टाळलं तर नव्या रिंगा पहिल्या काही किलोमीटरमध्येच घासल्या जातात.

रिंगेचा गॅप. प्रत्येक रिंग नुसती बोअरमध्ये घाला, पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ बसवा आणि फिलर गेज घाला. ७० च्या बोअरला ०.३० ते ०.४० ठीक. ०.२० पेक्षा कमी निघाला तर रिंगेचं टोक सपाट फाइलवर घासून काढा. गरम झाल्यावर टोकाला टोक भिडलं की रिंग भिंत ओरबाडते किंवा तुटते. जास्त निघाला तर दोनच शक्यता : रिंगांचा सेट चुकीचा किंवा बोअर मोठा झालाय. व्यास जितका वाढतो त्याच्या ३.१४ पट रिंगेचा गॅप वाढतो. तुमच्या जुन्या बोअरमध्ये वर सरासरी ०.१५ झीज होती, म्हणजे तिथे रिंगेचा गॅप जवळपास अर्धा मिमी जास्त उघडत होता. गेज नसलेल्यांना झीज ओळखायला ही युक्ती चालते.

कनेक्टिंग रॉड सरळ आहे का ते आताच बघा. रिंगा न घालता पिस्टन रॉडला लावा, ब्लॉक बसवा, क्रँक हळू फिरवा आणि वरून पाहा. गजन पिनच्या दिशेला पिस्टन एकाच भिंतीकडे झुकत असेल तर रॉड वाकलेला आहे. वाकलेल्या रॉडवर नवा बोअर घालणं म्हणजे तो पैसा पाण्यात.

हेड गॅस्केटचं भोक नव्या बोअरपेक्षा मोठं हवं. ०.५० ला नेहमीचं चालतं, तरी ब्लॉकवर ठेवून चारी बाजूंनी बघा. आत डोकावणारी कड लाल होऊन जळते आणि चावी बंद केल्यावरही इंजिन धडधडत राहतं.

रिंगांवरची खूण किंवा अक्षर वर, तोंडं एकमेकांपासून १२० अंशांवर, गजन पिनचे सर्क्लिप नवे. जुना सर्क्लिप वाचवून पाच-दहा रुपये वाचतात. तो निसटला तर पिन नव्या बोअरमध्ये वरपासून खालपर्यंत खोल चर पाडते, आणि तो चर काढायला पुढचा ओव्हरसाइजही पुरत नाही.

पहिल्यांदा चालू केल्यावर जागेवर ताटकळत ठेवू नका. तेलाच्या टाकीत तेल परत येतंय का ते बघा आणि गाडी रस्त्यावर काढा. पहिले ५०० किमी ताशी ५० पर्यंत, पण एकाच वेगाने नाही. मध्येच थोडा थ्रॉटल द्यायचा, मग सोडायचा. थ्रॉटल दिल्यावर रिंगांमागे दाब येतो आणि त्या भिंतीवर बसतात, सोडल्यावर वर तेल ओढलं जातं आणि थंडावा मिळतो. फार हळू, दाब न देता चालवलेल्या इंजिनाच्या रिंगा बसतच नाहीत, आणि मग लोक बोअरला दोष देतात. खंबाटकीसारखा सलग चढ या काळात टाळा. पुढचे ५०० किमी ६० पर्यंत. तेल पहिल्या २५० किमीला बदला, त्यात लोखंडाची राखाडी चमक दिसेल, ती घाबरण्यासारखी नाही. फिल्टरही तेव्हाच.

पहिल्यांदा पूर्ण तापून रात्रभर गार झाल्यावर हेडचे नट तिरप्या क्रमाने पुन्हा कसा. नवी गॅस्केट दबते, त्यामुळे टॅपेटचे गॅपही बदलतात. ते थंड इंजिनावर, पिस्टन वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना लावायचे. पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये.